कोठीतील तोबीया

शास्त्रवाचन : नहेम्या १३:४-१४, मत्तय ६:६-२१



नाताळ पाच-सहा आठवड्यांवर आला म्हणजे आपल्या मंडळ्यांत व घरांत तयारीला वेग येतो. पाळकसाहेब आगमनकाळाच्या उपासनांची आखणी करतात. गायनवृंद सायंकाळी जमून गीतांचा सराव करू लागतो. आणि घरोघरी कोणीतरी स्टुलावर चढून स्वयंपाकघरातील वरच्या फळीवरचे डबे एकेक करून खाली उतरवू लागते. यांपैकी पहिल्या दोन गोष्टींना आपण आत्मिक तयारी म्हणतो. तिसरीला साफसफाई म्हणतो, आणि तिच्याविषयी व्यासपीठावरून सहसा बोलत नाही. या पानावर मी त्या तिसऱ्या तयारीविषयीच लिहिणार आहे, कारण पवित्र शास्त्र तिच्याविषयी गप्प नाही.

पुरुष वाचकांनी लगेच पान उलटू नये. ज्या कोठीच्या झाडलोटीकडे आपण वळणार आहोत ती कोठी बिघडवणारा पुरुष होता, साफ करवणारा पुरुष होता, आणि पुढे तिच्यावर नेमलेले चौघेही पुरुषच होते.

मी राहते त्या बेंगळुरू शहरात हे काम जरा लवकरच हाती घ्यावे लागते. समुद्रसपाटीपासून सुमारे नऊशे मीटर उंचीवरच्या या शहरात सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पावसाचा जोर असतो, आणि ईशान्य मोसमी पावसाच्या सरी नोव्हेंबरातही येत राहतात. महाराष्ट्रात आपण एप्रिल-मेच्या कडक उन्हात धान्य व डाळी वाळवून वर्षाची बेगमी करतो. इथल्या गार, दमट हवेत तशी बेगमी फार काळ टिकत नाही. रव्याला जाळी धरते, तांदळात टोके होतात, चवळीला भुंगा लागतो, बेसन खवट होते, अक्रोडांना जुनाट तेलाचा वास येतो. दिवाळीत शेजाऱ्यांनी प्रेमाने दिलेल्या फराळाचे डबे अजून निम्मे शिल्लक असतात. आणि नेमके याच वेळी करंज्या-शंकरपाळ्यांचा मैदा, अनारशांचे तांदूळ, चकलीची भाजणी, शिवाय इथल्या रिवाजाप्रमाणे कुलकुल व प्लमकेक यांचे सामान घरात यायचे असते. केकचा सुका मेवा तर ऑक्टोबरपासूनच भिजत घातलेला असतो. कोणाच्या घरी रममध्ये, कोणाच्या घरी संत्र्याच्या रसात. त्या वादात मी आज शिरत नाही. ज्यांना हौस आहे ते शिवाजीनगरात, सेंट मेरीज बॅसिलिकेजवळच्या, १९२७ साली बांधलेल्या रसेल मार्केटात जाऊन मनुका-बदाम निवडून घेतात. ज्यांना तेवढी सवड नाही त्यांच्या दाराशी फोनवरून मागवलेले सामान दहा-पंधरा मिनिटांत येऊन पडते. सामान आत येण्याचे मार्ग असे अनेक झाले आहेत. बाहेर जाण्याचा मार्ग मात्र बहुतेक घरांत एकच उरला आहे, आणि तो कचऱ्याच्या डब्यातून जातो.

आता नहेम्याकडे येऊ.

यरुशलेमेचा तट बांधून झाला होता. लोकांनी नियमशास्त्र ऐकले होते, पाप कबूल केले होते, आणि आपल्या देवाच्या मंदिराची हेळसांड होऊ देणार नाही असे वचन दिले होते (१०:३९). बारा वर्षे कारभार पाहून नहेम्या अर्तहशश्त राजाच्या बत्तिसाव्या वर्षी, म्हणजे इ. स. पू. ४३३ च्या सुमारास, राजाकडे परत गेला. काही काळाने रजा मागून घेऊन तो पुन्हा यरुशलेमेस आला, तेव्हा त्याला काय आढळले? तट जागेवर होता. मंदिर जागेवर होते. बिघाड झाला होता तो कोठीच्या खोलीत.

मंदिराच्या आवारात एक मोठी खोली होती. पूर्वी तीत अन्नार्पणे, धूप, पात्रे, आणि धान्य, द्राक्षारस व तेल यांचे दशमांश ठेवीत. लेवी, गायक व द्वारपाळ यांच्या चरितार्थाचा तो साठा होता. खोल्यांवर नेमलेल्या एल्याशीब याजकाने ती खोली रिकामी करून तोबीयाला राहायला दिली. हा तोबीया कोण? तट बांधला जात असताना, यावर कोल्हा चढला तरी हा ढासळेल, अशी थट्टा करणारा तोच (४:३). पण तो कुलूप फोडून आत शिरला नव्हता. यहूदातील वजनदार घराण्यांशी त्याची सोयरीक होती, पत्रांची देवघेव होती (६:१७-१९). एल्याशीबाशीही त्याचा संबंध जुळला होता. भिडेपोटी, नात्यापोटी, जागा आहे तर असू दे म्हणून तो कोठीत आला.

नहेम्याला फार वाईट वाटले व त्याने तोबीयाचे सारे घरगुती सामान बाहेर फेकून दिले. इतके वाचून आपण थांबतो, कारण रागाचा प्रसंग लक्षात राहतो. परंतु नवव्या वचनाकडे नीट पाहा. हिब्रू भाषेत पाचव्या वचनातील खोली एकवचनी आहे. शुद्ध करण्याची आज्ञा होते तेथे मात्र शब्द अनेकवचनी होतो. बिघडली होती एक खोली, शुद्ध केल्या गेल्या अनेक. ज्याने घरात टोके झालेला एक डबा पाहिला आहे त्याला याचे नवल वाटणार नाही. किडा एका डब्यात स्वस्थ बसत नाही. शेजारचे चार डबे उघडून पाहावेच लागतात.

आणि मग दहावे वचन. लेव्यांचे वाटे त्यांना दिले गेले नव्हते, म्हणून सेवा करणारे लेवी व गायक आपापल्या शेताकडे निघून गेले होते. कोठी ओस पडली म्हणून ते उपाशी राहिले, असे येथे म्हटलेले नाही. कोठी भरलेली होती. तोबीयाच्या सामानाने भरलेली होती.

तोबीयाचे सामान कसले होते हे शास्त्र सांगत नाही. बहुधा चांगल्या प्रतीचेच असेल. मोठ्या माणसाचे होते. दोष वस्तूंत नव्हता, त्यांनी अडवलेल्या जागेत होता. आपल्या फडताळात काय काय आहे? लग्नात आलेला, वेष्टनही न काढलेला चिनीमातीचा संच. एकावर एक मोफत म्हणून आणलेली मनुकांची तीन पाकिटे, त्यांतले एकही न उघडलेले. झाकणे हरवलेले डबे आणि डबे हरवलेली झाकणे. कोणाची तरी भेट म्हणून ठेवलेली, भेट म्हणूनच पुढे सरकवायची अशी मिठाई. यांतली कोणतीही वस्तू पापाची नाही. तरीही नाताळात गरजू कुटुंबांसाठी शिधा गोळा करण्याचे मंडळीने आवाहन केले की आपण म्हणतो, या महिन्यात जरा ओढाताण आहे. पाहुण्याला चार दिवस ठेवून घ्यायची वेळ आली की म्हणतो, जागा नाही. दोन्ही वाक्ये आपण खरेपणानेच उच्चारतो. एल्याशीबही म्हणाला असता, लेव्यांचे धान्य ठेवायला खोली कोठे आहे?

तर मग साठा करणे हाच अविश्वास समजावा काय? तसे शास्त्र शिकवत नाही. रानात मान्ना पडला तेव्हा काहींनी तो सकाळपर्यंत राखून ठेवला. त्यात किडे पडले व त्याला घाण सुटली. पण शब्बाथासाठी आदल्या दिवशी राखून ठेवलेला तोच मान्ना दुसऱ्या दिवशी जसाच्या तसा राहिला (निर्गम १६:२०-२४). मान्ना एकच, भांडी तीच. फरक होता तो राखून ठेवणाऱ्याच्या हेतूत. योसेफाने सुकाळाच्या सात वर्षांत पंचमांश गोळा केला, आणि प्रत्येक नगराच्या आसपासच्या शेतांचे धान्य त्या-त्या नगरातच साठवले, म्हणजे पुढे ते दुरून आणायला नको (उत्पत्ती ४१:३४, ४८). कोणत्याही कुशल गृहिणीचा हाच नियम असतो: जे जेथे लागणार ते तेथेच ठेवावे. पुढे दुष्काळ आला तेव्हा त्याने कोठारे उघडली. त्याने धान्य फुकट वाटले नाही, विकले. आणि लोकांनी पैसा, गुरे, जमीन व शेवटी स्वतःला फारोच्या हवाली केले, हा सत्तेचाळिसाव्या अध्यायातला भाग वाचताना माझे मन दर वेळी अडखळते. पण त्याने कोठारे उघडली, हे खरे.

आपल्या आजी-पणजींनी शेणामातीने लिंपलेल्या कणग्या भरल्या, जमिनीत पेवे खणली, उतरंडी रचल्या, त्या हौसेने नव्हे. त्यांनी दुष्काळ पाहिले होते. ज्या शहरात बसून मी हे लिहीत आहे तेथे १८७७ साली म्हैसूर संस्थानाच्या खेड्यांतून आलेली उपाशी माणसे रस्त्यांवर मरत होती. १८७१ च्या शिरगणतीत त्या संस्थानाची लोकसंख्या सुमारे पन्नास लाख होती; १८८१ मध्ये ती सुमारे बेचाळीस लाख भरली. शेजारच्या मद्रास इलाख्यात सर रिचर्ड टेम्पल यांनी दुष्काळी कामावरील मजुराचा रोज एक पौंड धान्य, म्हणजे सुमारे साडेचारशे ग्रॅम, व वर किरकोळ नाणी एवढ्यावर आणून ठेवला. आणि त्याच दिवसांत हिंदुस्थानातून गहू परदेशी रवाना होत होता. धान्य कोठेच नव्हते म्हणून ती सारी माणसे मेली असे म्हणता येणार नाही. असलेले धान्य त्यांच्या वाट्याला आले नाही.

या भूमीतल्या भुकेने एक मराठी मुलगीही पोरकी केली होती. पंडिता रमाबाईंचा जन्म १८५८ साली, आजच्या कर्नाटकातील सह्याद्रीच्या रानात, गंगामूळ येथे झाला. १८७४ च्या सुमारास, दक्षिणेत भटकत असताना, अन्नान्न दशेत त्यांचे आईवडील मृत्यू पावले. त्याच रमाबाई १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात गेल्या आणि उपासमारीने सुकलेल्या मुलींना त्यांनी आपल्याबरोबर आणले. १९०० च्या सुमारास केडगावच्या मुक्तिसदनात सुमारे दोन हजार माणसे राहत होती. त्यांच्या शास्त्रभाषांतराविषयी, जे त्यांच्या निधनानंतर दोन वर्षांनी, १९२४ मध्ये, प्रसिद्ध झाले, आपल्यात पुष्कळ बोलले जाते. दोन हजार तोंडांना दोन्ही वेळचे अन्न पुरवणाऱ्या कोठीविषयी फारसे बोलले जात नाही. भाषांतराच्या कामात इतकी वर्षे घालवल्यावर माझे मत असे झाले आहे की ती कोठी समजल्याशिवाय ते भाषांतर पुरते समजायचे नाही. भूक या शब्दाला प्रतिशब्द शोधायला त्यांना कोश उघडावा लागला नसेल.

येथे एक अप्रिय गोष्ट लिहिणे भाग आहे.

डबे उतरवून झाले म्हणजे आपण सामानाचे तीन ढीग करतो. एक ठेवायचा, एक टाकायचा, आणि तिसरा 'कोणाला तरी देऊन टाकायचा'. या तिसऱ्या ढिगात काय असते ते प्रामाणिकपणे पाहावे. टोके झालेले तांदूळ असतात. तारीख उलटलेला मैदा असतो. वास येऊ लागलेल्या चकल्या असतात. आणि हा ढीग कोणाच्या हाती जातो? आपली भांडी घासायला येणाऱ्या बाईच्या, इमारतीच्या रखवालदाराच्या. बेंगळुरूत ही माणसे पुष्कळदा रायचूर, यादगीर, कलबुर्गी अशा कोरडवाहू जिल्ह्यांतून आलेली असतात. कित्येकांची कुटुंबे बांधकामाच्या कडेला पत्र्याच्या खोपट्यात राहतात. पुण्या-मुंबईला, नागपूर-बडोद्याला जिल्ह्यांची नावे बदलतील, ढीग तोच राहील. ती बाई नको म्हणत नाही. नको म्हणणे तिला परवडत नाही. तिने पिशवी उचलली म्हणून आपण त्याला दान म्हणतो, आणि आपली फळीही मोकळी होते.

मलाखीच्या पहिल्या अध्यायात याजक आंधळे, लंगडे, रोगट जनावर वेदीवर आणतात. परमेश्वर त्यांना विचारतो की हेच आपल्या सुभेदाराला नजर करून पाहा, तो प्रसन्न होईल काय? (१:८). आपल्यालाही ही कसोटी सहज लावता येईल. तिसऱ्या ढिगातील चकल्या नाताळच्या भेटीला आलेल्या पाळकसाहेबांपुढे, बिशपसाहेबांपुढे ठेवता येतील काय? ठेवता येत नसतील, तर त्या प्रभू येशूपुढेही ठेवता येत नाहीत. कारण लहानांतील लहानाला जे दिले ते मला दिले असे त्यानेच सांगून ठेवले आहे (मत्तय २५:४०), आणि भुकेल्याला अन्न दिले न दिले यावर त्या अध्यायात न्यायाचा निवाडा आहे. चौथ्या शतकातील कैसरियाच्या बासीलाने लूकच्या बाराव्या अध्यायातील मूर्ख धनवानावर प्रवचन केले, तेव्हा तर त्याने याही पुढे जाऊन श्रोत्यांना बजावले की तुम्ही दाबून ठेवलेली भाकर मुळात भुकेल्याचीच आहे.

मग जुन्या तांदळाचे करायचे काय? ते टाकायचे नाहीत. निवडावे, पाखडावे, दोन उन्हे द्यावीत, धुवावेत, आणि आपणच खावेत. आपल्या आयांनी तेच केले. लेवीय २६:१० मध्ये देव आज्ञा पाळणाऱ्यांना आशीर्वाद देतो की ते फार दिवसांचे साठवलेले जुने धान्य खातील आणि नव्यासाठी जागा व्हावी म्हणून जुने काढतील. जुने खाण्याचे काम तेथे घरधन्याचे आहे. नवे, चांगले, सुगंधी तांदूळ पिशवीत भरून त्या बाईला द्यावेत. तिच्या घरीही सण असतात. जे खरोखर खवट व बुरसट झाले असेल ते कोणालाच देऊ नये, आपणही खाऊ नये.

नहेम्याच्या याच ग्रंथात सणाच्या स्वयंपाकाविषयी एक आज्ञा आहे. नियमशास्त्राचे वाचन ऐकून लोक रडू लागले तेव्हा त्यांना सांगण्यात आले की रडू नका, मिष्टान्न खा, गोड पेय प्या, आणि ज्यांच्यासाठी काही तयार केलेले नाही त्यांना वाटे पाठवा (८:१०). 'वाटे' हा तेथील शब्द आणि तेराव्या अध्यायात लेव्यांना न मिळालेल्या 'वाट्यां'साठी असलेला शब्द हे दोन्ही हिब्रूत एकाच धातूपासून झाले आहेत. मोजणे, नेमून देणे असा त्या धातूचा अर्थ. म्हणजे उरले तर देऊ, असा तो वाटा नव्हे. तो आधी मोजून बाजूला काढलेला असतो.

म्हणून आगमनकाळाच्या पहिल्या रविवारापूर्वी कोठी लावायची असेल तर मी असा क्रम सुचवीन. बाजाराची यादी आधी करू नये. दररोज एकच फळी उतरवावी. सगळे स्वयंपाकघर एकाच दिवशी जमिनीवर मांडले की रात्री घाईने सारे पुन्हा होते तेथेच जाते. प्रत्येक डबा उघडून वास घ्यावा, पीठ चाळावे, रवा मंद आचेवर भाजून गार करून मग भरावा. डबा धुतल्यावर तो पूर्ण कोरडा होईपर्यंत भरण्याची घाई करू नये. ऊन नसेल तर एक रात्र उपडा राहू द्यावा. डाळींना एरंडेलाचा हात फिरवावा, तांदळात कडुनिंबाचा वाळलेला पाला घालावा. हे जुने उपाय आजही चांगले काम देतात. जुने पुढे, नवे मागे. डब्यावर कागद चिकटवून भरल्याची तारीख लिहावी. जड डबे खाली. सोऱ्या, करंजीचे कातणे, केकचे साचे, झारा हे सारे एका खोक्यात एकत्र ठेवावे, म्हणजे ऐन वेळी पीठ भिजलेले आणि सोऱ्याची चकती बेपत्ता असे होत नाही.

इतके झाल्यावर घरातील कोणी एकाने कागद घेऊन बसावे. नहेम्याने कोठारांवर शलेम्या याजक, सादोक शास्त्री, लेव्यांपैकी पदाया, आणि त्यांच्या हाताखाली हानान यांना नेमले. ते विश्वासू गणले गेले होते, आणि आपल्या बांधवांना वाटून देणे हे त्यांचे काम होते (१३:१३). शास्त्री म्हणजे लिहिणारा. शास्त्रग्रंथांशी काम करणाऱ्या माणसालाही कोठीच्या कामातून सुटका नव्हती, हे वाचून मला नेहमी बरे वाटते. तर कागदावर आधी सामानाची नावे लिहू नयेत, माणसांची लिहावीत. यंदा ज्यांच्यासाठी काही तयार केलेले नाही ती माणसे. पंचवीस डिसेंबरला रुग्णालयात रात्रपाळी असलेली परिचारिका. सुटी न मिळाल्याने वसतिगृहातच राहिलेला विद्यार्थी. या वर्षी पती निवर्तल्यामुळे घरात तळण न करणारी मंडळीतील भगिनी. फाटकावरचा रखवालदार, मग तो नाताळ मानणारा असो वा नसो. प्रत्येकाचा वाटा मोजून त्या हिशेबाने मैदा, साखर, तूप यांची यादी करावी. आधी माणसे, मग किलो.

नुसत्या रिकाम्या केलेल्या फळीवर फार विसंबू नये. झाडून सजवलेल्या पण ओसाड राहिलेल्या घराविषयी प्रभूने दिलेला इशारा आपल्याला ठाऊक आहे (लूक ११:२४-२६). नहेम्याने सामान फेकले, खोल्या शुद्ध केल्या, आणि लगेच पात्रे, अन्नार्पणे व धूप पुन्हा आत आणून ठेवली. तोबीयाला परत यायला जागाच ठेवली नाही. आपल्याकडे रिकाम्या फळीला तोबीया शोधावा लागत नाही. तो फोनवर रोज सवलत घेऊन येतो.

आता दुसऱ्या शास्त्रभागाकडे वळते. मत्तय ६:६ मध्ये प्रभू आपल्याला प्रार्थनेसाठी ज्या खोलीत जाऊन दार लावून घ्यायला सांगतो, तिच्यासाठी ग्रीकमध्ये 'तामेइऑन' असा शब्द आहे. मराठीत आपण 'खोली' म्हणतो, आणि ते चुकीचे नाही. परंतु लूक १२:२४ मध्ये कावळ्यांजवळ जे नाही म्हणून सांगितले आहे तेथेही हाच शब्द येतो, आणि तेथे त्याचा अर्थ निःसंशय धान्याची कोठी असा आहे. त्या काळच्या गरीब घरात खोल्या अशा फार नसत. धान्य-तेल ठेवायची आतली, अंधारी, लहानशी जागा असे, आणि आत जाऊन दार लावता येईल अशी जागा बहुधा तेवढीच. 'तामियास' म्हणजे त्या कोठीवरचा माणूस; कापणे, वाटे करणे या अर्थाच्या धातूशी त्या शब्दाचे नाते आहे. वाटे काढून देणाऱ्याची जागा ती तामेइऑन. आपला 'कोठी' हा शब्द संस्कृत 'कोष्ठ' यापासून आला. धान्याचा साठा, आतली खोली आणि माणसाचे पोट हे तिन्ही अर्थ त्या एका शब्दात आहेत. भाषांतर करणाऱ्याला असा शब्द क्वचितच हाती लागतो, आणि लागला तरी वापरता येईलच असे नाही. 'कोठीत जाऊन प्रार्थना कर' असे छापले तर अर्धे वाचक शुद्धलेखनाची चूक समजतील.

तरी हा अर्थ मनात ठेवून तो अध्याय पुढे वाचून पाहा. प्रार्थना करणारा दार लावून पिठाच्या मडक्याशेजारी, तेलाच्या बुधल्याशेजारी बसला आहे. पाचच वचनांनंतर प्रभू त्याला काय मागायला शिकवतो? आजच्या दिवसाची भाकर. साठ्यात बसून आजची भाकर मागायची! आणि ती 'मला' नव्हे, 'आम्हाला' मागायची. दार लावलेल्या खोलीत एकटा बसलेला माणूस अनेकवचनात मागतो. तो 'आम्ही' कोण, हे त्याने तेथे बसूनच ठरवायचे आहे. आणखी आठ वचनांनी पृथ्वीवरील संपत्तीची गोष्ट निघते. तिचा नाश करणारी म्हणून आपल्या प्रचलित मराठी शास्त्रात कसर व जंग यांची नावे आहेत. जंग हा अर्थ जुना व मान्य आहे. पण मूळ ग्रीक शब्द 'ब्रोसिस' याचा सरळ अर्थ खाणे, खाऊन टाकणे असा होतो. मलाखी ३:११ मध्ये पीक खाऊन टाकणारा जो आहे त्याच्यासाठी जुन्या ग्रीक भाषांतराने हाच शब्द वापरला आहे. गालीलातल्या गरीब श्रोत्यांच्या घरी गंजायला सोने नव्हते, लोखंडही बेताचे होते. टोके मात्र त्यांना ठाऊक होते. खाऊन टाकणारा म्हटल्यावर त्यांच्या डोळ्यांपुढे आपली कणगी आली असेल, असे मला वाटते.

तेव्हा शेवटची फळी लावून झाली, पायांना थकवा आला, की स्टूल तेथेच ठेवून त्यावर थोडे बसावे आणि स्वयंपाकघराचे दार लावून घ्यावे. माणसांची यादी हातात असेलच. तीच प्रार्थनेची यादी करावी.

सारफथच्या विधवेजवळ कागदावर लिहिण्याजोगे काहीच नव्हते. मडक्यात मूठभर पीठ, कुपीत थोडेसे तेल, आणि वेशीजवळ वेचलेल्या दोन काटक्या. एलीयाने तिच्याकडे आधी आपल्यासाठी लहानशी भाकर मागितली, मग तिच्यासाठी व मुलासाठी कर म्हणाला (१ राजे १७:१३). तिने तसे केले. त्यानंतर तिचे मडके काठोकाठ भरून वाहू लागले, असे त्या वृत्तांतात कोठेही म्हटलेले नाही. पीठ सरले नाही, तेल आटले नाही, एवढेच म्हटले आहे. पुष्कळ दिवस ती रोज सकाळी वाकून पाहत असेल, आणि तिला मडक्याचा तळ दिसत असेल, आणि तळाशी त्या दिवसापुरते पीठ. पूर्वी त्या घरात दोघांपुरता स्वयंपाक होत होता. आता तिघांपुरता होऊ लागला.